एका खुर्चीचं वाद्य

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

युफोनियम बाजूला ठेवून तू ट्यूबा, म्हणजे त्याच जातीचं पण त्याहून मोठं, खर्जातलं पितळी फुंकवाद्य, धरलास, हे वाचून बरं वाटलं. पण ‘बायका कुठे असलं धूड वाजवतात?’ असं काकांनी विचारलं आणि तू गप्प बसलीस, याचा जरा रागही आला. त्यांना सांग, कॉन्स्टन्स वेल्डन १९५५ सालीच वाजवत होती. तेही आर्थर फीडलर यांच्या संचालनाखालच्या ‘बोस्टन पॉप्स’ या ऑर्केस्ट्रात. अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्रातली पहिली ट्यूबावादक स्त्री म्हणून तिचंच नाव घेतात.

काकांपुरतं एवढं पुरे. तुला मात्र तिचं पुढचं आयुष्य माहीत हवं. पहिली ठरली म्हणून तिला कायमची खुर्ची कुणी दिली नाही. ती नॉर्थ कॅरोलायनात वाजवत होती. १९५७ मध्ये अमेरिकी सरकारची फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ॲम्स्टरडॅमला गेली आणि तिथल्या कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्रात काही काळ प्रमुख ट्यूबावादकाची हंगामी जबाबदारी तिनं निभावली. परतल्यावर कॅन्सस सिटी, मग मायामी. जिथे काम निघेल तिथे वाद्य घेऊन जायचं, असा तो सगळा काळ.

यातलं थोडं आपल्या वाद्याच्याही नशिबात आहे. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले तीसच्या घरात असतात, ट्यूबा एकच. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात १९७२ साली जे ट्यूबावादक रुजू झाले, ते ३३ वर्षं तिथेच होते. तेवढ्या काळात तिथे जागाच नव्हती, मग तुमची तयारी कितीही असो. ती जागा रिकामी झाली आणि २००६ मध्ये कॅरल जँच तिथे आली. तेव्हा ती मिशिगन विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. तीही आधी युफोनियमच वाजवायची, हे काकांना मुद्दाम सांग. अमेरिकेतल्या मोठ्या सिम्फनी ऑर्केस्ट्रात ट्यूबाची कायम जागा मिळवणारी ती पहिली स्त्री. वेल्डननंतर ५१ वर्षांनी! जागा कमी होत्या हे खरं, पण मधल्या एवढ्या वर्षांचं सगळं खापर त्या कमतरतेवर फोडायला मी तयार नाही.

जँचकडून घ्यायचं ते हे: खुर्ची रिकामी होण्याआधी ती तयार होती. निवड-चाचणीत वाग्नरचं ‘माइस्टरझिंगर’ आणि बर्लिओझची ‘फँटास्टिक’ सिम्फनी विचारतातच, तेव्हा ते उतारे आतापासून तोंडपाठ कर. पण ऑर्केस्ट्रात बसल्यावर खरी कसोटी वेगळीच असते. द्वोर्झाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनीत ट्यूबाला एकंदर १४ स्वर आहेत आणि ते सगळे दुसऱ्या, संथ लयीच्या भागात, म्हणजे लार्गोमध्ये. बाकी वेळ मात्रा मोजत बसायचं, आणि पाळी आली की गार पडलेल्या सोळा फुटी नळीतून तो खर्ज हळुवार, सुरात आणि ट्रॉम्बोनच्या बरोबरीनं निघाला पाहिजे. चुकलात तर झाकायला शेजारी दुसरा ट्यूबा नसतो. जलद ताना मारून दाखवण्याचा तुझा जो सोस आहे, तो जँचलाही आहे, आणि दुसऱ्या वाद्यांसाठी लिहिलेल्या अवघड रचना ती ट्यूबावर सहज वाजवते. पण तिचा पगार त्या खर्जाचा आहे.

आता वेल्डनची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मायामी विद्यापीठात तिनं १९६०च्या सुमारास फक्त ट्यूबा-युफोनियमवाल्यांचा वाद्यसमूह उभा केला आणि तो अभ्यासक्रमात बसवला. अशी सोय तेव्हा जवळजवळ कुठल्याच विद्यापीठात नव्हती. एरवी मागच्या रांगेत एकेकटी बसणारी मुलं तिथे एकमेकांचा श्वास ऐकून वाजवू लागली. पुढे ‘एम्पायर ब्रास’ या पितळी वाद्यांच्या पंचकात नाव कमावलेला सॅम पिलाफियन तिचाच शिष्य. पहिलेपणाचा मान तिला बोस्टननं दिला, पण तिचं घराणं म्हणायचं तर ते मायामीत तयार झालं.

तू एकटी खोलीत चार-चार तास रियाज करतेस, ते मला पसंत नाही. दोन तास कर आणि उरलेला वेळ कुणाबरोबर तरी वाजव. रविवारी येताना लार्गोचे ते १४ स्वर ध्वनिमुद्रित करून आण, मधल्या विश्रांतीच्या मात्रांसकट, काटछाट न करता. बँडमधल्या त्या दोघा युफोनियमवाल्यांनाही घेऊन ये, तिघांसाठी काहीतरी बसवू. खालच्या मजल्यावरच्यांना मी आधीच सांगून ठेवते.

तुझ्या,
बाई