जाहिरातीमागचा माणूस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एका नामवंत क्रिएटिव्ह डायरेक्टरांचं काम मी कॉलेजात असल्यापासून पाहते आहे. ओळख नाही, पण त्यांच्या मुलाखती तोंडपाठ आहेत. तरी स्वतः कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहायला बसले की हात थांबतो. दुरून शिकायचं तर नेमकं काय करू?

उत्तर: मुलाखती तूर्त बंद करा. ओळ कशी सुचली याची गोष्ट तिथे ऐकायला मिळते, आणि ती सांगून सांगून गुळगुळीत झालेली असते. सुचण्याआधी काय वाचलं, किती ओळी फाडल्या, हे सहसा निसटतं. जाहिरातकार डेव्हिड ओगिल्व्ही यांची रोल्स रॉइसची 1958 ची जाहिरात घ्या. ताशी साठ मैल वेगातही गाडीत सगळ्यांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा, ही तिची हेडलाइन. हे वाक्य त्यांना गाडीबद्दल तीन आठवडे वाचताना मोटारींच्या एका नियतकालिकात सापडलं होतं. तुमचा हात थांबतो तो बहुधा प्रतिभा कमी म्हणून नाही, हाताशी माल नाही म्हणून.

आता सराव. तुमच्या आवडत्या व्यक्तीची एक छापील जाहिरात घ्या आणि तिचं ब्रीफ (जाहिरात करण्याआधी हाती असलेला कामाचा थोडक्यात आराखडा) उलट्या बाजूने लिहा: ही कोणासाठी आहे, तो माणूस आज या वस्तूबद्दल काय समजतो, वाचून झाल्यावर त्याने काय समजावं, आणि त्याला पटावं यासाठी आधार कोणता. चारही उत्तरं एकेका वाक्यात. पाचवी ओळ सगळ्यांत महत्त्वाची: काय सांगायचं टाळलंय? मग मूळ हेडलाइन झाका आणि त्याच ब्रीफवर स्वतःच्या पंचवीस लिहा. पहिल्या आठ-दहा कोणालाही सुचतील अशाच येतात, घाबरू नका. त्या बाहेर पडल्याशिवाय पुढच्या येत नाहीत. दुसऱ्या दिवशी मूळ ओळ उघडून शेजारी ठेवा. आठवड्याला एकच जाहिरात करा, पण पूर्ण करा.

यात एक ठरलेली चूक होते: कारण सोडून लकब उचलली जाते. फोक्सवॅगनच्या 1959 च्या प्रसिद्ध जाहिरातीत जवळजवळ रिकामं पान आहे, वरच्या कोपऱ्याकडे चिमुकली गाडी, खाली दोन शब्दांची हेडलाइन आणि तिच्यापुढे पूर्णविराम. हेडलाइनचा अर्थ साधारण ‘लहान विचार करा’ असा. त्या काळी अमेरिकेत गाड्या होत्या त्याहून लांबरुंद दाखवायची चढाओढ होती. ही गाडी खरोखरच लहान, त्यामुळे रिकामी जागा आणि ओळ एकच गोष्ट सांगत होत्या. तुमच्या वस्तूत लहानपणाचा मुद्दाच नसेल तर ती पांढरी जागा म्हणजे क्लायंटने पैसे मोजलेला कोरा कागद.

प्रश्न: एखादी जाहिरात नक्की कोणाची, हे कसं ओळखायचं?

उत्तर: श्रेयनामावली वाचा. वरच्या फोक्सवॅगनचे शब्द ज्युलियन केनिग यांचे, मांडणी हेल्मट क्रोन यांची, आणि एजन्सी बिल बर्नबाख यांची. कॉपीरायटर आणि आर्ट डायरेक्टरला एकत्र बसवण्याची पद्धत बर्नबाख यांनीच रुजवली. त्याआधी मजकूर एका विभागात लिहून पुढे दुसऱ्या विभागात चित्र लावायला जाई. पुरस्कारांच्या याद्यांत क्रिएटिव्ह प्रमुखाचं नाव सगळ्यांत वर असतं, पण त्यांनी ओळ लिहिली की फक्त मान्य केली, हे यादी सांगत नाही. म्हणून त्यांची सुरुवातीची कामं शोधा, जिथे त्यांचं नाव ‘कॉपीरायटर’ किंवा ‘आर्ट डायरेक्टर’ म्हणून आहे. हात तिथे दिसतो. (फिल्मच्या बाबतीत दिग्दर्शकाचं नाव पाहायला विसरू नका, पुष्कळदा ज्या नजरेवर आपण खूश असतो ती त्याची असते.)

प्रश्न: त्यांना ईमेल करू का? माझ्याकडे त्यांच्याच एका ब्रँडसाठी झकास कल्पना आहे.

उत्तर: ईमेल जरूर करा, कल्पना पाठवू नका. न मागता आलेल्या कल्पना बऱ्याच एजन्सी उघडतच नाहीत. उद्या तसंच काही त्यांच्याकडून योगायोगाने प्रसिद्ध झालं तर चोरीचा आरोप नको, हे साधं कारण.

ईमेल शंभर-सव्वाशे शब्दांत संपवा. ‘मी तुमची मोठी चाहती आहे’ ही ओळ ते रोज वाचतात. त्याऐवजी एका कामातली एक जागा दाखवा: ‘अमुक फिल्ममध्ये ब्रँडचं नाव शेवटच्या तीन सेकंदांपर्यंत येत नाही. क्लायंटला हे कशावर पटवलंत?’ अशा प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देता येतं, म्हणून ते मिळण्याची शक्यता असते. ‘माझे गुरू व्हाल का?’ याला देता येत नाही. चालू असलेल्या पिचबद्दल (क्लायंटचं काम मिळवण्यासाठीच्या सादरीकरणाबद्दल) किंवा क्लायंटच्या आकड्यांबद्दल विचारू नका, गोपनीयतेच्या करारामुळे त्यांचे हात बांधलेले असतात.

पोर्टफोलिओची जड फाइल जोडू नका, लिंक द्या. तिथे चार-पाच मोहिमा पुरेत, सगळ्यांत चांगली पहिली. मनानेच केलेल्या कामावर ‘स्पेक’ असं स्पष्ट लिहा. प्रत्यक्ष न आलेली जाहिरात आल्यासारखी दाखवली की हा व्यवसाय जन्मभर लक्षात ठेवतो. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. तीही वाया गेली, तर त्यांच्या टीममधल्या दोन-तीन वर्षं जुन्या कॉपीरायटरला लिहा. तुमच्या कामावर बारीक शेरा बहुधा तोच देईल.