मुलगी कॅलिफोर्नियात दहावीत आहे, आम्ही दोघंही कॉलेजला गेलेलो नाही. शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स घेता येतात म्हणे, कुठले निवडावेत?

ताई, तुम्ही लिहिलंय की शाळेच्या काउन्सेलरने ड्युअल एनरोलमेंटचा (शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स घ्यायचा) फॉर्म हातात दिला आणि मैत्रीण चार कोर्स घेतेय म्हणून मुलगीपण चार म्हणतेय. चार नको हो. आधी एकच घेऊ द्या. मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, हे कोर्स तिथलेच असतात) ॲडमिशन ऑफिसात आहे आणि घरात आधी कुणी कॉलेज बघितलेलं नाही अशी मुलं आमच्याकडे कायम येतात, त्यांना हुशारी कमी पडत नाही, कोर्स निवडताना विचारायला घरात कुणी नसतं एवढंच.

फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार ही तुमची शंका बरोबर आहे, पण गोम पैशात नाही. एरवी इथल्या रहिवाशांना युनिटमागे (कोर्स युनिटमध्ये मोजतात) ४६ डॉलर फी असते, ती हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजं माफ करतात, आणि २०१५ च्या कायद्याखाली शाळा-कॉलेजचा करार असेल (सीकॅप म्हणतात त्याला) तर पुस्तकांचेसुद्धा पैसे घेत नाहीत. गोम आहे ट्रान्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेत. इथे पडलेली ग्रेड कायमची. दहावीत डी आला तर तो पुढे युनिव्हर्सिटीला अर्ज करताना दाखवावाच लागतो, आणि नंतर कॉलेजात फायनान्शियल एड मागताना ते ज्या प्रगतीच्या अटी बघतात त्यातही हे जुने कोर्स मोजले जाऊ शकतात. कोर्स अर्धवट सोडला तर तिथे डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे सोडला) लागतो. मात्र सुरुवातीच्या ठरलेल्या तारखेच्या आत सोडला तर काहीच उमटत नाही, ती तारीख कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये असते, पहिल्याच दिवशी फ्रीजवर लिहून चिकटवा.

आता कोर्स. प्रत्येक कोर्सला एकच प्रश्न विचारायचा, हा पुढे कुठे धरला जाईल? असिस्ट डॉट ओआरजी ही सरकारी साइट आहे, आपलं कम्युनिटी कॉलेज आणि पुढची यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) टाकली की कुठला कोर्स कशाच्या जागी चालतो ते दिसतं. यूसीला ट्रान्सफर होणारा कोर्स असेल तर त्या एका सेमिस्टरला यूसी हायस्कूलच्या एका वर्षाइतकं धरते, वर जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना जादा पॉइंट, म्हणजे ए ला ४ च्या जागी ५ (याला मर्यादा आहे, त्यामुळे कोर्सचा ढीग लावून काही होत नाही). खाजगी युनिव्हर्सिट्यांचं वेगळं असतं, बऱ्याच जणी हे क्रेडिट धरत नाहीत, तिथे आधी विचारून घ्यायचं.

मी तुमच्या जागी असतो तर या उन्हाळ्यात सायकॉलॉजी किंवा पब्लिक स्पीकिंग असं काहीतरी घ्यायला लावलं असतं, जिथे आधीचं काही यावं लागत नाही आणि कॉलेजचा प्राध्यापक कसा शिकवतो, सिलॅबस म्हणजे काय, ऑफिस अवर्सला (प्राध्यापकांना भेटायची ठरलेली वेळ) जाऊन कसं विचारायचं हे कळतं. मग अकरावीत इंग्लिश कॉम्पोझिशन, कारण ते जवळजवळ सगळीकडे लागतंच, नर्सिंग घ्या नाहीतर इंजिनिअरिंग. गणितात मात्र थांबून विचार करा. सोपं म्हणून सगळे स्टॅटिस्टिक्स घेतात, ते सायकॉलॉजी नाहीतर नर्सिंगवाल्यांना छान, पण तिला कॉम्प्युटर किंवा इंजिनिअरिंग करायचं असेल तर पुढे कॅल्क्युलस लागणारच, मग प्रीकॅल्क्युलसच्या रस्त्याने गेलेलं बरं. केमिस्ट्रीसारखे लॅबचे कोर्स मी तरी दहावीत घेऊ देणार नाही. आणि पहिला कोर्स ऑनलाइन, त्यातही ज्याला ठराविक वेळच नसते तसला, अजिबात नको. पंधरा वर्षांचं पोर रात्री अकराला एकटं लॅपटॉपसमोर, कुणाला विचारणार?

आणखी एक, हे आईवडिलांना कुणी सांगत नाही. कॉलेजात नाव घातलं की मुलगी अठराची नसली तरी तिथल्या रेकॉर्डचा हक्क तिचा होतो. तुम्ही फोन करून मार्क विचारलेत तर आम्ही सहसा सांगत नाही, उद्धटपणा नाही तो, फेर्पा नावाचा कायदा आहे. त्यामुळे ग्रेडचं पोर्टल दर रविवारी तिच्यासोबत बसून बघायचं असं आत्ताच तिच्याशी ठरवून टाका.

फॉर्मवर तुमची आणि शाळेची सही लागते, शाळा सुट्टीला बंद व्हायच्या आत घेऊन ठेवा. तिला पुढे काय करायचंय ते लिहा खाली, म्हणजे गणिताचं नक्की काय ते सांगता येईल.