आमची शाळा लातूर जिल्ह्यातली. सहावी ते आठवी मिळून २२ मुलं, दोन शिक्षक, प्रयोगशाळा नाही. हाताने करायचा कोणता उपक्रम घ्यावा?

तुम्ही शाळा लातूर जिल्ह्यातली सांगितलीत, म्हणून तिथल्या हिशोबाने सांगतो. दहा सुटे प्रयोग घेऊ नका. तिन्ही वर्ग एकाच वस्तूभोवती बसतील असा एक विषय जूनमध्ये धरा आणि दिवाळीपर्यंत सोडू नका. आपल्याकडे तो विषय पाऊस. पेरणीच्या दिवसांत घरोघरी दुसरं बोलणंच नसतं, त्यामुळे मुलांना वेगळी गोडी लावावी लागत नाही.

पर्जन्यमापकासाठी दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या. खांद्याचा उतार संपून अंग सरळ होतं, तिथे कापा. वरचा भाग बूच काढून उलटा ठेवा, म्हणजे नरसाळं झालं. कडा जुळवून चिकटपट्टी लावा. बहुतेक ठिकाणी यानंतर बाटलीवर मोजपट्टी डकवतात. ती डकवू नका. बाटलीचा बूड पाकळ्यापाकळ्यांचा असतो, त्यामुळे पहिले काही मिलिमीटर चुकीचेच येतात. पाणी मेडिकलमध्ये मिळणाऱ्या २० मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने मोजा.

खरं गणित इथे आहे. नरसाळ्याच्या तोंडाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजायचा. समजा ३३ सेंमी आला. ३३ भागिले २२/७ म्हणजे व्यास १०.५ सेंमी, त्रिज्या ५.२५, क्षेत्रफळ ८६.६ चौरस सेंमी. एवढ्या तोंडावर १ मिमी पाऊस पडला की ८.६६ मिली पाणी जमतं. सकाळी १३० मिली निघालं तर पाऊस १५ मिमी. परीघ सातवीला द्या, क्षेत्रफळ आठवीला, सिरिंज सहावीला. सिरिंज किती वेळा भरली यात हमखास घोळ होतो. म्हणून प्रत्येक भरलेल्या सिरिंजला एक खडा बाजूला ठेवायचा आणि शेवटी खडे मोजायचे.

मापक भिंतीपासून आणि झाडापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवा. तोंड जमिनीपासून ३० सेंमी वर घ्या, नाहीतर चिखलाचे शिंतोडे आत उडतात. चार विटांच्या मध्ये घट्ट बसवा आणि भोवती काटेरी फांद्या टाका, शेळ्या पहिल्याच दिवशी तोंड घालतात. हवामान खातं नोंद सकाळी साडेआठला घेतं, तीच वेळ धरा. शाळा दहाची असेल तर शेजारी राहणाऱ्या दोन मुलांवर सोपवा, रविवारसकट. एक दिवस चुकला तर पुढच्या नोंदीपुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहा. आकडा मनाने वाटून टाकू नका.

वहीत तारीख, मिमी, एकूण बेरीज आणि नक्षत्र असे चार रकाने पुरे. मृग कधी निघालं, हत्ती कधी लागला, हे मुलं घरी विचारून येतील. पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला असतो. तेव्हा बेरीज ७५ ओलांडेल त्या दिवशी ती फळ्यावर ठळक लिहा, पालक थांबून वाचतील. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात, तीही रेघ आलेखावर मारा. मात्र शाळेचा आकडा पंचनाम्याला चालत नाही, हे आधीच सांगून ठेवा.

सहावीसाठी आणखी एक सोपं गणित: एक चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे एक लिटर. ६ बाय ५ मीटरच्या पत्र्यावर २० मिमी पडला तर ६०० लिटर. गळती-उडती धरून पाचवा हिस्सा सोडला तरी २०० लिटरची दोन पिंपं भरून वर उरतं.

मग तेच पाणी जमिनीत किती मुरतं? शेतात उरलेल्या ९० मिमीच्या पीव्हीसी पाइपचे २० सेंमीचे तुकडे कापा. वर फळी ठेवून ५-६ सेंमी आत ठोका. आत पळसाचं पान टाकून त्यावर ६०० मिली पाणी ओता, साधारण १० सेंमी उभं राहतं. दर पाच मिनिटांनी पट्टीने मोजा, तासभर. काळी, मुरूम आणि शाळेचं तुडवलेलं मैदान, अशा तीन जागा घ्या. काळ्या रानात फसगत ठरलेली: कोरड्या भेगांतून पहिलं पाणी झरझर जातं आणि मुलं ‘काळीत पाणी लवकर मुरतं’ असं लिहून मोकळी होतात. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी अडून बसतं. म्हणून पुन्हा पाणी भरून तासाभरानंतरचे आकडेच धरा. पाइपच्या बाहेर ओल दिसली तर पाणी बुडाखालून फुटलंय, तो तुकडा काढून दुसरीकडे ठोका.

विहिरीची पातळी मोजायचा मोह होईल, पण दोर मोठ्या माणसानेच सोडायचा. मुलं कठड्यापासून लांब, फक्त आकडा लिहायला.

पाऊस सरला की डिसेंबरात सावली घ्या. अर्धा मीटर काठी ओळंब्याने उभी करा, भोवती ६० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. २२ डिसेंबरच्या सुमारास सावलीचं टोक साडेदहाच्या आसपास वर्तुळात शिरतं आणि सव्वादोनच्या आसपास बाहेर पडतं. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. दोन्ही वेळांचा मध्य १२ येत नाही, १२:२२ च्या जवळपास येतो. मुलांना वाटेल आपलं चुकलं. खोडू देऊ नका. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, लातूर ७६.५ वर, आणि एका अंशाला चार मिनिटं. हा हिशोब सांगू नका, आठवीलाच करू द्या.