इयत्ता, यत्ता आणि बिगरी

प्रश्न असा आला आहे: “शाळेच्या पत्रांत ‘इयत्ता पाचवीच्या वर्गातील विद्यार्थी’ असं लिहितात. इयत्ता म्हणजेच वर्ग ना? मग ही द्विरुक्ती नाही का? आणि ‘यत्ता’ हे रूप अशुद्ध आहे का?”

द्विरुक्ती नाही. इयत्ता ही पायरी. वर्ग म्हणजे त्या पायरीवरची पोरं किंवा ती बसतात ती खोली. पोरं खोलीत मावेनाशी झाली की पडतात त्या तुकड्या. पाचवी इयत्ता अख्ख्या राज्यात एकच, पाचवीचे वर्ग हजारो. ‘यत्ता’चं पुढे बघू. ‘माझा मुलगा फिफ्थ ग्रेडला आहे’ म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

आधी माझं गाऱ्हाणं. शाळेच्या भिंतींवर, वह्यांच्या लेबलांवर, निकालपत्रांवर सर्रास ‘इयता’ छापलेलं असतं. एक त गिळून! बरं, हा त सजावटीचा नाही, सगळा शब्द त्यावर उभा आहे. संस्कृतात ‘इयत्’ म्हणजे इतकं. त्याला ‘ता’ जोडा, जशी सुंदरला सुंदरता, तशी इयत्‌ला इयत्ता. अर्थ: इतकेपणा. पहिला त ‘इतकं’मधला, दुसरा ‘पणा’मधला. यातला कुठला काढायचा ते ‘इयता’वाल्यांनीच सांगावं.

आणि शब्द केवढ्या घरचा! पुष्पक विमानातून लंकेहून परत येताना राम सीतेला खालचा समुद्र दाखवतो. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात कालिदास त्याच्या तोंडी घालतो की विष्णूच्या रूपासारखंच या समुद्राचं रूपही ‘ईदृक्तया इयत्तया वा’ ठरवता येत नाही. म्हणजे ‘ते असं आहे’ असंही म्हणता येत नाही आणि ‘इतकं आहे’ असंही नाही. ज्या शब्दाने कालिदासाने समुद्र मोजता येत नाही असं सांगितलं, त्याच शब्दाने आपण पोरं मोजतो.

आता खरा प्रश्न, जो कुणी विचारलेलाच नाही: ‘इतकेपणा’ शाळेत शिरला कसा? कोश ‘परिमाण, मर्यादा’ हा एक अर्थ देतात, ‘शाळेतला वर्ग’ हा दुसरा, आणि मधला पूल वाचकाने पोहून पार करावा अशी त्यांची अपेक्षा दिसते. माझा तर्क सरळ आहे. पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हतीच. एकाच ओसरीवर एक पोरगा धुळाक्षरं गिरवतोय, दुसरा पावकी-निमकी म्हणतोय, तिसरा मोडी कित्ता काढतोय. ज्याची त्याची चाल. इंग्लंडमध्ये १८६२ साली तिथल्या शिक्षणखात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांनी शाळांच्या अनुदानाची नवी नियमावली आणली आणि मुलांचे सहा ‘स्टँडर्ड’ ठरवले. पहिल्या स्टँडर्डच्या पोराला वीसपर्यंतचे आकडे काढता यायला हवेत, ‘कॅट’, ‘डॉग’सारख्या एकाच उच्चाराच्या शब्दांची गोष्ट वाचता यायला हवी. इन्स्पेक्टर येणार, एकेक पोर तपासणार, आणि वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्यात ते नापास होईल त्या प्रत्येक विषयामागे शाळेच्या अनुदानातून दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. निकाल तसे पैसे. हीच पद्धत १८६०च्या दशकात मुंबई इलाख्यात आली. आता सांगा, ‘या पोराला इतकं यायलाच हवं’ याला पंडिती मराठीत काय म्हणाल? इयत्ता!

‘हा तुमचा कल्पनाविलास’ असं एका कोशप्रेमी मित्राने मला ऐकवलं. मग त्याने शेजारी बघावं. गुजरातीत इयत्तेला काय म्हणतात? धोरण. ‘धोरण पाच’. धोरण म्हणजे मापदंड, थेट ‘स्टँडर्ड’! आणि धारवाड-बेळगावच्या कानडीत ‘इयत्ते’ म्हणतात, तर जुन्या म्हैसूरकडे ‘तरगति’. एकच भाषा, शब्द दोन, आणि सीमा कुठली? जुन्या मुंबई इलाख्याची. गुजराती, मराठी आणि धारवाडी कानडी यांना बांधणारी गोष्ट एकच, मुंबईचं शिक्षणखातं. याहून चांगला पुरावा मित्राला हवा असेल तर त्याने स्वतः शोधावा.

म्हणूनच ‘पाचव्या वर्गात शिकतो’ म्हणणाऱ्या नागपूरकरांना हसणाऱ्या पुणेकरांची मला चीड येते. विदर्भ १९५६पर्यंत मध्य प्रांताच्या, म्हणजे नंतरच्या मध्य प्रदेशाच्या, कारभारात होता, तिथे वर्गच चालायचा, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. मराठवाड्यातले जुने लोक ‘सातवी जमात’ सांगत, कारण निजामाची शाळा उर्दूतून. गोव्यातले आजोबा ‘सेगुंद ग्राव’ झाल्याचं सांगत, ते पोर्तुगीज प्राथमिक परीक्षेचं नाव. स्वतंत्र देशाने शाळा हातात घेतली तेव्हा हा एवढा पसारा समोर होता, आणि तो नुसता शब्दांचा नव्हता. खुद्द मुंबईकडेच मराठी चौथी झाली की ‘इंग्रजी पहिली’ सुरू व्हायची. म्हणजे इंग्रजी चौथी ही आजची आठवी आणि इंग्रजी सातवी ही मॅट्रिक, जुनी अकरावी. जो मराठी सातवीपर्यंतच जाई तो ‘फायनल’ होऊन मास्तरकीला लागे. जुन्या चरित्रात ‘चौथी इयत्ता पास’ वाचून नायकाला अडाणी ठरवू नका. कुठली चौथी ते आधी बघा. पहिलीपासून एकच सलग मोजणी रुळायला बराच काळ गेला, आणि अकरावीची दहावी व्हायला १९७५ उजाडलं. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली फळी एकदमच बोर्डाच्या परीक्षेला बसली. त्या वर्षी पास झालेल्यांना ‘कितवी?’ विचारलं की अजून पाच मिनिटं खुलासा ऐकावा लागतो.

राज्यघटनेच्या ४५व्या कलमाने दहा वर्षांत, म्हणजे १९६०पर्यंत, चौदा वर्षांखालच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचं ठरवलं होतं. शाळा निघाल्या. मुंबई राज्यात १९४७च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली स्कूल बोर्डं शाळा चालवत होती, १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि ‘झेडपीची शाळा’ हा शब्द घरोघर पोचला. पोरं मात्र पहिलीतच अडकत. तिथेच नापास, तिथूनच गळती. कोठारी आयोगाने (१९६४–६६, सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक) पहिली आणि दुसरी हे एकच एकक धरा अशी सूचना केली, ती या गळतीमुळेच. पुढे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं ठरवलं, आणि शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही वयाप्रमाणे इयत्ता द्यायला सांगितलं. पाचवी आणि आठवीला नापास करायची मुभा २०१९च्या दुरुस्तीने परत आली, तरी मुद्दा राहतोच. लो साहेबांची इयत्ता ‘किती येतं’ ते सांगायची. आजची बहुतेक ‘किती वर्षांचा’ ते सांगते. ‘ढकलपास’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी पहिलीत तीन-तीन वर्षं काढून शेवटी गुरं राखायला गेलेल्या पोरांची आठवण ठेवावी.

‘यत्ता’ राहिलीच. अशुद्ध कशाला? आरंभीचा स्वर टाकणं ही आपल्या भाषेची जुनी खोड आहे. अरण्याचं रान झालं, अरघट्टाचा रहाट झाला, उपविश्‌चं बस झालं, तेव्हा कुणी तक्रार केली नव्हती. दाखल्यावर इयत्ता लिहा, ओट्यावर यत्ता म्हणा.

आणि यत्ता मला प्रिय आहे ती बिगरीमुळे. पहिलीच्या आधीची बिगरी. ही इंग्रजी ‘बिगिनर’पासून आली असं ठामपणे सांगणारे लोक भेटतात. त्यांना विचारावं की सरकारी इंग्रजीत त्या वर्गाला ‘इन्फन्ट’ म्हणत असताना हा बिगिनर आणला कुणी? शिवाय मराठी तोंडाने त्याचा ‘बिगनर’ केला असता, ‘न’ कशाला गिळला असता? माझ्या मते मूळ आहे ‘बिगर यत्ता’. बिगरशेती, बिगरपरवाना, तशी बिगरयत्ता. अर्धा शब्द फारसीतून, अर्धा संस्कृतातून, आणि जोडणारे गावचे मास्तर. ज्या पोराला अजून कसलाही ‘इतकेपणा’ लागू नाही, ते बिगरीत! २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पहिलीच्या आधीची तीन वर्षं औपचारिक रचनेत घेतली आहेत, आणि आता ‘बालवाटिका एक, दोन, तीन’ असं चाललं आहे. ताराबाई मोडकांची ‘बालवाडी’ काय वाईट होती, आणि बिगरीला आकडे चिकटवायची कुणाला घाई झाली, हे मला कळत नाही.

बेळगाव-धारवाडकडच्या कुणाच्या घरात १९४७च्या आधीचा कानडी शाळेचा दाखला असेल तर त्यावर ‘इयत्ते’ छापलंय की ‘क्लास’, तेवढं कळवा. ‘क्लास’ निघालं तर माझ्या त्या मित्राला सांगू नका.