दुखलं तर कोणाला दाखवशील?

"माझ्यात काही विकृती तर नाही ना?" शरीराच्या झाकलेल्या भागावर पिअर्सिंग करून घेतलेली किंवा घ्यायचा विचार करणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. कधी तो सरळ येतो, कधी "माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं" अशा वळणाने. त्याचं उत्तर मी लगेच देऊन टाकते: नाही. सज्ञान माणसाने स्वतःच्या मर्जीने निपलला किंवा खाली दागिना घालून घेणं हा मानसिक आजार नाही. मग मी एक प्रश्न विचारते आणि त्यावर बरेच जण गप्प होतात. उद्या दुखलं, सुजलं, पू झाला तर कोणाला दाखवणार?

गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय सत्तावीस, हिंजवडीत नोकरी, कोथरूडला आईवडील आणि आजीबरोबर राहणारी. फोनवर तक्रार सांगितली होती झोप न लागण्याची. आली ती सॅक छातीशी धरून, आणि बसल्यावरही ती खाली ठेवेना. "मॅडम, मला तुम्ही-बिम्ही नका म्हणू," एवढं बोलून मग ऑफिस, मॅनेजर, झोप असं सगळं सांगत राहिली. अर्ध्या तासाने मूळ गोष्ट बाहेर आली. साडेतीन महिन्यांपूर्वी तिने दोन्ही निपलना पिअर्सिंग करून घेतलं होतं. उजवीकडे ठीक होतं. डावीकडे चार दिवसांपासून गाठ लागत होती, कातडी लाल आणि गरम झाली होती, आदल्या रात्री थंडी वाजून ताप आला होता. घरी तिने अंगदुखी म्हणून सांगितलं होतं आणि आजीने काढा दिला होता.

अशा वेळी समुपदेशन बाजूला ठेवावं लागतं. ताप, पसरत जाणारी लाली, दाबल्यावर ठणकणारी गाठ, घट्ट हिरवट-पिवळा वासाचा पू, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हे मी तिला सांगितलं तर तिचा चेहराच पडला.

कारण तिची डॉक्टर आधीच ठरलेली होती. चोविसाव्या वर्षी तिच्या त्याच बाजूची फायब्रोअ‍ॅडेनोमाची गाठ काढली होती. साधी, कॅन्सरची नसलेली गाठ. पण रिपोर्ट येईपर्यंत आईने उपास धरले होते आणि घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्यानंतर वर्षभर तपासण्या, सोनोग्राफी, आईचं "काही लागत नाही ना हाताला?" विचारणं. "माझं अंग म्हणजे सगळ्यांच्या काळजीचा विषय झाला होता," ती म्हणाली. "आरशात बघितलं तरी मी गाठच शोधायचे. मला तिथे काहीतरी छान हवं होतं." टोचून घेतल्यावर पहिले दोन महिने ती खरोखर खूश होती. आता त्याच जागी पुन्हा गाठ, आणि दाखवायचं त्याच सर्जनबाईंना. "त्यांनी इतकं नीट शिवलं, आणि मी जाऊन सांगू की मी तिथे परत भोक पाडून घेतलंय?"

तिच्या टोचून घेण्याचं कारण मला पटलं. तिने एक मुद्दा मांडला, त्यावर तर मला उत्तरही सुचलं नाही: "बारशाच्या वेळी माझे कान टोचले, तेव्हा मला कोणी विचारलं होतं का?" पुण्यात रविवार पेठेतला सोनार घरी बोलावून तान्ह्या बाळाचे कान टोचून घेतो आपण, पेढे वाटतो, रडणाऱ्या बाळाचे फोटो काढतो. स्वतःच्या पैशांनी, शुद्धीत, एकविसाव्या नव्हे तर सत्ताविसाव्या वर्षी घेतलेला निर्णय मात्र चोरून.

चोरून केल्यामुळे काय काय बिघडलं ते मी तिच्याकडून नीट ऐकून घेतलं, कारण हेच प्रकार मला पुन्हा पुन्हा भेटतात. स्टुडिओ तिने बरा निवडला होता. सुई तिच्यासमोर पाकिटातून काढली, पिअर्सरने हातमोजे बदलले, घालायला टायटॅनियमचा सरळ बार दिला आणि काळजीचा कागदही दिला. तो कागद घरी सापडू नये म्हणून तिने स्टुडिओच्या खालीच फाडून टाकला! मग आठवलं ते आजीचं शास्त्र: खोबरेल तेलात हळद गरम करून लावायची आणि रोज तार फिरवायची. आठवडाभर हळद. कपड्याला डाग दिसायला लागले म्हणून बीटाडिन. मध्ये एकदा डेटॉल. आणि रोज आंघोळीत बार गोल फिरवणं.

यातलं काहीही करायचं नसतं. टोचलेल्या जागी आत कातडीची नवी नळी तयार होत असते. बार फिरवला की ती कोवळी कातडी फाटते आणि बाहेरची वाळलेली खपली आत ओढली जाते. तेलाने जागा कोंदते. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. लागतं ते फारच साधं: आधी हात साबणाने धुवायचे, दिवसातून एकदा-दोनदा शून्य पूर्णांक नऊ टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन, आंघोळीचं वाहतं पाणी, आणि स्वच्छ गॉझने टिपून कोरडं करणं. पांढुरकी-पिवळसर खपली धरते तो पू नाही. ती नखाने काढायची नाही, भिजून आपोआप निघते.

दुसरी गडबड दागिन्याची. दोन महिन्यांनी बाहेरून सगळं बरं दिसायला लागलं, तेव्हा तिने ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त रिंगा घातल्या. निपलचं पिअर्सिंग पूर्ण भरायला नऊ महिने ते वर्ष लागू शकतं. बाहेरची कातडी आधी भरते, आतली मागून. 'सर्जिकल स्टील' म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यांत निकेल असतं, आणि त्याच निकेलमुळे खोट्या कानातल्यांनी कान चिघळणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. त्याच बायका निपलला तेच घालतात. पहिला दागिना इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचा असावा, त्यावर एएसटीएम एफ १३६ (शरीरात बसवायच्या टायटॅनियमचं मानक) असा उल्लेख मागून बघावा. चौदा कॅरेटचं निकेल नसलेलं सोनंही चालतं, खिशाला परवडलं तर.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे तिची ती सॅक. अ‍ॅक्टिवावरून रोज हिंजवडी, पाठीवर लॅपटॉप, सॅकचा पट्टा बरोबर डावीकडून. वर घामाने भिजलेली घट्ट स्पोर्ट्‌स ब्रा दिवसभर. हे घासणं आणि घाम टाळ, हे तिने कोणाला विचारलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

तिने डॉक्टरांकडे जायच्या आधी स्वतःच दागिना काढून टाकायचं ठरवलं होतं, म्हणजे निदान "पुरावा" राहणार नाही. मी थांबवलं. इन्फेक्शन असताना दागिना काढला तर तोंड बंद होऊन पू आत अडकू शकतो. काढायचा की ठेवायचा हे डॉक्टर बघून ठरवतात.

मग आम्ही तिथेच बसून वाक्यं तयार केली. हे मी अनेकांबरोबर करते. लाज वाटते तेव्हा माणूस गोल गोल बोलतो आणि डॉक्टरांना वाटतं काहीतरी लपवतोय. तिने मोबाइलमध्ये लिहून घेतलं: साडेतीन महिन्यांपूर्वी पिअर्सिंग केलं, दीड महिन्यापूर्वी रिंग बदलली, चार दिवस गाठ आहे, काल ताप आला, जुनी शस्त्रक्रिया तुम्हीच केली आहे, आईला हे माहीत नाही. शेवटचं वाक्य तिला लिहायचं नव्हतं. पण ते आधी सांगितलेलं बरं. रुग्ण सज्ञान असेल तर त्याची माहिती त्याच्या परवानगीशिवाय घरच्यांना सांगायची नाही, हे डॉक्टरांवर २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेने बंधनकारक आहे. ओळखीचे फॅमिली डॉक्टर असले की लोकांना याचाच विसर पडतो, कधी कधी डॉक्टरांनाही.

संध्याकाळी तिने मेसेज केला. सर्जनबाईंनी बघितलं, लगेच सोनोग्राफी केली. गळू होतं. सोनोग्राफीत बघत सुईने पू काढला, तपासणीला पाठवला, अँटिबायोटिक सुरू केलं, डावी रिंग काढली. उजवी ठेवली. बाई तिला म्हणाल्या, "टोचण्याआधी मला फोन केला असतास तर जुन्या टाक्यांपासून किती लांब टोचायचं ते सांगितलं असतं." रागावल्या नाहीत.

सगळेच डॉक्टर असे भेटत नाहीत, हेही लिहायला हवं. एका तरुणाला लघवीच्या मार्गाशी केलेल्या पिअर्सिंगनंतर रक्त आलं, तर दवाखान्यात "कशाला करता असले धंदे" ऐकून तो न तपासताच परत आला. पहिले काही दिवस तिथे थोडं रक्त येणं, लघवीला जळजळणं अपेक्षित असतं. पाणी भरपूर प्यायचं, चार ते आठ आठवड्यांत बहुतेकांचं भरतं. रक्त थांबेना किंवा लघवी अडली तर मात्र थेट हॉस्पिटल. त्याला कोणी एवढं सांगितलं असतं तर तो तीन रात्री जागला नसता. असा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधावा. ज्या ठिकाणी दागिना आहे त्यानुसार स्त्रीरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ किंवा युरॉलॉजिस्ट. यादी आधी करून ठेवावी, सुज आल्यावर नव्हे.

काही जणांना मात्र मी थांबा म्हणते. चिंचवडहून एक जोडपं आलं होतं. बायकोने क्लिटोरिसवरच्या (शिश्निकेवरच्या) कातडीच्या पडद्याला पिअर्सिंग करावं अशी नवऱ्याची इच्छा. दोघांना वेगळं बसवून विचारलं तर ती म्हणाली, "ह्यांना आवडेल म्हणून." तुम्हाला? "मला काय, थोडं दुखेल." हे पुरेसं कारण नाही, आणि मी ते तसंच सांगितलं. नवऱ्याला वाटत होतं याने सुख वाढतं. काहींना तसं वाटतं, काहींना काहीच फरक पडत नाही, आणि प्रत्येकीची शरीररचना त्यासाठी योग्य असतेच असं नाही. चांगला पिअर्सर आधी तपासतो आणि गरज पडली तर नाही म्हणतो. भरेपर्यंत संबंध टाळायचे, ठेवलेच तर निरोधशिवाय नाही, तोंडाचा स्पर्श नाही, तलावात पोहणं नाही, हे ऐकल्यावर नवऱ्याचा उत्साह बराच ओसरला. ती बाई पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

नुकतंच नातं तुटलंय, दारूच्या भरात ठरलंय, किंवा दुखवून घेतल्यावरच मन शांत होतं म्हणून पुन्हा पुन्हा टोचावंसं वाटतंय, तर दागिन्याआधी त्याबद्दल बोलावं. मधुमेह आटोक्यात नाही, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, हृदयाच्या झडपेचा त्रास आहे, जखमेवर केलॉइड म्हणजे जाड, वाढत जाणारे वण उठतात, गरोदर आहात किंवा बाळ अंगावर पितंय, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस आधी झालेले असावेत. टोचायची गन वापरणाऱ्याकडे जाऊच नये, कारण ती नीट निर्जंतुक करता येत नाही. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र) कुठे आहे असं विचारल्यावर जो चिडतो, त्याच्याकडेही नाही.

मुलीच्या आईचं काय, हे वाचणाऱ्यांना विचारायचं असेल. तिने आईला गळू झाल्याचं सांगितलं, रिंगेचं नाही. आई दोन दिवस घाबरली, मग रिपोर्ट बघून सावरली. उजव्या रिंगेबद्दल सांगायचं की नाही ते तिचं ती ठरवेल, मला त्यात सल्ला द्यायचा नाही. ताप लपवू नकोस, एवढीच आमच्यातली अट आहे, आणि ती तिने पाळली आहे. डावी बाजू पुन्हा टोचायची इच्छा आहे, पण जखम पूर्ण भरल्यावर सर्जनबाईंना आधी दाखवूनच. परवा ऑफिसात रक्तदान शिबिर होतं, तर तिने मला फोन करून विचारलं की चालेल का. पिअर्सिंगनंतर आपल्याकडे बारा महिने रक्त देता येत नाही, तिचे ते अजून व्हायचे होते. "मग टीमला काय सांगू?" ती म्हणाली. मी म्हटलं, फॉर्मवर खरं लिही आणि टीमला सांग की डॉक्टरांनी नाही म्हटलंय.