यूपीएससी जास्त अवघड की एमपीएससी? मार्किंगमध्ये नक्की फरक काय?
प्रिलिम्सचं, म्हणजे पूर्व परीक्षेचं बोलायचं तर दोन्हीकडे जीएसचे (सामान्य अध्ययन) १०० प्रश्न नि २०० मार्क, पण यूपीएससीत एक चुकलं की ०.६६ जातात आणि एमपीएससीत ०.५, म्हणून इथे थोडा तुक्का परवडतो. सीसॅट, म्हणजे आकलन-बुद्धिमत्तेचा दुसरा पेपर, नुसता ३३ टक्क्यांनी काढायचा, तरी त्यातच उडालेले बघितलेत मी.

खरी वाट लागते मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला. जीएसच्या पेपरात ३ तासांत २० उत्तरं, म्हणजे एकाला ९ मिनिटं. दादरच्या अभ्यासिकेत घड्याळ लावून बसलो तर चौदाव्यालाच हात भरून आला, शेवटची दोन कोरीच. आता २०२५ पासून एमपीएससीच्या राज्यसेवेची मेन्सपण पर्याय निवडायची नाही, सविस्तर उत्तरं लिहायचीच आहे, १७५० मार्कांची, त्यामुळे ‘एमपीएससी सोपी’ हे जुनं झालं बाबा.