फोर्डचा एफ-१५० पिकअप ट्रक घेतोयस? आधी दाराचं स्टिकर वाच

अरे, लॅरिएट की प्लॅटिनम, म्हणजे कुठली ट्रिम (मॉडेलची श्रेणी), ते नंतर बघू, आधी सांग मागे काय ओढणार आहेस. ट्रिम जसजशी वर जाते तसं सनरूफ, पॉवर सीट असलं वजन वाढतं आणि तेवढा पेलोड, म्हणजे गाडीत भरता येणारं वजन, कमी होतो, हे सेल्समन आपणहून सांगत नाही. ड्रायव्हरचं दार उघड, खांबावर पिवळं-पांढरं स्टिकर असतं, तिथे माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतील ते लिहिलेलं असतं. समजा १५०० आहे. ६००० पाउंडाचा ट्रेलर लावलास तर त्याचे ७००-एक हिचवरच (ट्रेलर जोडायच्या कडीवर) येतात आणि तेही याच १५०० मधून जातात, घरचे चौघं म्हणजे ६००, मग उरलं काय, कूलर आणि पोळीभाजीचा डबा!

माझं मत, लॅरिएटच्या खालची एक्सएलटी घे आणि पैसे टो पॅकेजवर (ट्रेलर ओढायची जादा सामग्री) घाल. मागचा एक्सल रेशो (मागच्या चाकांचं गिअर-गुणोत्तर, आकडा मोठा तर ओढायला सोपं) ३.५५ की ३.७३ ते ऑर्डर करतानाच ठरव, नंतर बदलणं महागात पडतं. बेडलायनर (मागच्या हौद्याचं अस्तर) मात्र बाहेरून मारून घेतलास तरी चालतं.

आणि हो, माझ्या डीलरने टायरमध्ये हवेऐवजी भरलेल्या नायट्रोजनचे वेगळे पैसे लावले होते, मी सहीच्या घाईत दिलेसुद्धा. काचेवरच्या कंपनीच्या किमतीच्या स्टिकरशेजारी डीलरचं दुसरं स्टिकर असेल तर ओळ न् ओळ वाच.